मोटरसायकलच्या पेट्रोलच्या नळीला झटपट सुटणारे कनेक्टर : कोणते घ्यावेत, कुठे आणि कसे बसवावेत

नेकारकाठ

जुन्या मोटरसायकलींची कामे घरच्या घरी करणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि माझ्याकडे १९९६ ची बीएमडब्ल्यू आर ११०० जीएस आहे. १०८५ सीसीचे, दोन्ही अंगांना एकेक आडवा सिलिंडर असलेले हे इंजिन दणकट आहे, पण गाडीची मांडणी अशी की बॅटरी टाकीखाली, पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या पोटात आणि इग्निशनच्या हॉल सेन्सरची वायरसुद्धा टाकीखालूनच गेलेली. साहजिकच या गाडीवर कोणतेही मोठे काम काढले की आधी टाकी उतरवावी लागते. इंजेक्शनची गाडी असल्यामुळे टाकीला बंद करायचा कॉक नाही. पंपाकडून इंजेक्टरकडे पेट्रोल नेणारी एक आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत आणणारी दुसरी अशा दोन नळ्या असून दोन्ही क्लॅम्पने आवळलेल्या असतात. नळीला चिमटा लावून क्लॅम्प सोडवला आणि नळी ओढून काढली, तरी थोडेफार पेट्रोल इंजिनवर ओघळतेच, आणि दर वेळी ओढाताण झाल्याने नळीचे तोंडही हळूहळू सैल पडत जाते.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही नळ्यांमध्ये झटपट सुटणारे कनेक्टर बसवणे. या पिढीच्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये हा बदल नवीन नाही. पुढे काही मॉडेलांवर कारखान्यातूनच प्लास्टिकचे कनेक्टर येऊ लागले, परंतु इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि टाकी उतरवताना नेमके हातात तुटते, म्हणून अनेक जण ते काढून धातूचे बसवतात. मी थेट क्रोम चढवलेले पितळी कनेक्टर घेतले.

निवड करताना माझ्या मते सर्वांत आधी झडप पाहावी. बाजारात तीन प्रकार मिळतात : ज्यात झडपच नसते ते, ज्यात फक्त एका अर्ध्यात झडप असते ते, आणि ज्याचे दोन्ही अर्धे सुटताक्षणी आपोआप बंद होतात ते. आपल्याला तिसराच प्रकार हवा. एकाच बाजूला झडप असेल तर टाकीकडची बाजू बंद होईल, परंतु इंजिनाकडच्या नळीत उरलेले पेट्रोल खाली येईल. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे आतल्या ओ-रिंगचे, म्हणजे सांधा गळू न देणाऱ्या गोल कडीचे, रबर. त्यासाठी एफकेएम, म्हणजे ज्याला बाजारात वायटन म्हणतात ते, मागून घ्यावे. तिसरी गोष्ट माप. माझ्या गाडीची नळी आतून ८ मिमी आहे. कनेक्टर बहुतेक इंची मापात मिळतात आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे तो ८ मिमीच्या नळीला चालतो. ६ मिमीच्या कनेक्टरवर ८ मिमीची नळी क्लॅम्पने आवळून भागवण्याचा विचारही करू नये.

आता एक युक्ती, जी मला फार उपयोगी वाटते. कनेक्टरचा एक अर्धा नर आणि दुसरा मादी असतो. पेट्रोल नेणाऱ्या नळीवर मादी टाकीकडे आणि नर इंजिनाकडे ठेवावा, आणि परतीच्या नळीवर बरोबर उलट करावे. असे केले की घाईत दोन नळ्यांची अदलाबदल होऊच शकत नाही. शिवाय टाकी उतरवल्यावर टाकीची दोन टोके एकमेकांत आणि इंजिनाची दोन टोके एकमेकांत अडकवून ठेवता येतात, म्हणजे उघड्या तोंडातून कचरा जात नाही आणि वेगळी बुचे शोधावी लागत नाहीत.

प्रत्यक्ष बसवण्याविषयी पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहितो.

टाकीभर

माहिती उत्तम आहे, पण एक मूलभूत शंका विचारतो. आज आपल्या गाडीत टाकी ते इंजिन एक अखंड नळी आहे. तिच्यामध्ये कनेक्टर घातला की दोन नवे क्लॅम्प आणि एक ओ-रिंग वाढली. दोन नळ्यांचा हिशेब केला तर चार क्लॅम्प आणि दोन ओ-रिंगा. म्हणजे गळती होऊ शकेल अशी सहा नवी ठिकाणे आपण स्वतःच्या हाताने तयार केली. टाकी वर्षाकाठी एखाद्या वेळी उतरवण्यासाठी हा खटाटोप खरोखर करावा का?

नेकारकाठ

हिशेब अगदी बरोबर आहे. ज्याची टाकी क्वचितच उतरते त्याने हे करू नये, असेच मी म्हणेन. त्याऐवजी नवी नळी आणि नवे क्लॅम्प घालावेत. माझी गाडी जुनी आहे आणि तिच्यावरची बहुतेक सगळी कामे मीच करतो, म्हणून माझ्यासाठी पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. मात्र कनेक्टरपासून धोका उद्भवतो तो बहुतांशी कनेक्टरमुळे नव्हे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळीमुळे आणि क्लॅम्पमुळे. भारी कनेक्टर आणून तो जुन्याच कडक झालेल्या नळीत खुपसणे, हा या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत सर्रास दिसणारा दोष आहे.

नळी विकत घेताना तिच्या अंगावरचा छाप वाचावा. एसएई जे३० या मानकात आर७ हा वर्ग साधारण ५० पीएसआय, म्हणजे जवळपास साडेतीन बारपर्यंतच्या दाबासाठी आहे. आर९ हा साधारण १०० पीएसआय, म्हणजे सात बारच्या आसपास. माझ्या गाडीच्या इंजेक्शनचा दाब सुमारे ३ बार आहे. आर७ त्यात कागदोपत्री बसते, पण हाताशी काहीच राखीव राहत नाही, म्हणून इंजेक्शनच्या गाडीला आर९ च घ्यावी. तिच्या आतल्या थरालाही एफकेएमच असते. इकडे जर्मनीत डीआयएन ७३३७९ छापाच्या नळ्या मिळतात, त्यांच्यावरही दाबाचा आकडा पाहूनच घ्याव्यात. आणखी एक बाब म्हणजे टाकीच्या आत फिल्टरजवळ जे नळीचे तुकडे असतात ते चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडालेले असतात आणि त्यांना बाहेरूनही पेट्रोल सोसावे लागते. तिथे बुडून राहण्यासाठी बनवलेली आर१० नळी लागते. आर९ नळीचा बाहेरचा थर त्यासाठी नसतो. आत घातल्यास तो फुगून सुटतो.

क्लॅम्पबद्दल : सायकलच्या दुकानात मिळणारा, पट्टीला आरपार चिरा पाडलेला स्क्रूचा क्लॅम्प इथे नको. त्या चिरा आवळताना रबर कापतात. ज्याच्या पट्टीच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि जो पूर्ण गोलाकार दाबतो असा इंजेक्शनचा क्लॅम्प घ्यावा, किंवा पक्कडीने दाबायचा एका कानाचा क्लॅम्प वापरावा. माप ठरवताना आतला व्यास पाहू नये. नळी बार्बवर, म्हणजे कनेक्टरच्या कंगोरे असलेल्या दांडीवर, चढवल्यानंतर बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजावा आणि तो क्लॅम्पच्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर येईल असे पाहावे.

आता कृती. गाडी पूर्ण थंड असावी, जागा उघडी असावी, बॅटरीची ऋण तार सोडण्यापूर्वी नळीतला दाब उतरवावा. पंपाचा विजेचा प्लग काढून इंजिन सुरू करावे. नळीतले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते, मग आणखी एकदा स्टार्टर फिरवावा. फ्यूज काढण्यापेक्षा प्लग काढणे बरे, कारण काही गाड्यांत पंपाचा आणि कंट्रोल युनिटचा फ्यूज एकच असतो आणि मग इंजिन सुरूच होत नाही. त्यानंतर बॅटरी सोडवून, नळीखाली फडके आणि पसरट भांडे ठेवूनच क्लॅम्पला हात लावावा.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. करवतीने कापली तर रबराचा भुगा आत राहतो आणि तो थेट इंजेक्टरपर्यंत पोचू शकतो. बार्बवर पेट्रोलचा थेंब लावून नळी सरळ दाबत खांद्याला टेकेपर्यंत चढवावी. अर्धवट चढलेली नळी बाहेरून दिसायला ठीक दिसते, म्हणून आधी बार्बची लांबी नळीवर पेनाने आखून घ्यावी. क्लॅम्प बार्बच्या शेवटच्या कंगोऱ्याच्या मागे बसला पाहिजे. कंगोऱ्याच्या धारेवरच आवळला तर तिथेच रबर कापले जाते. बार्बवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. तिची गरज नसते आणि तिचे तंतू सुटून पेट्रोलमध्ये जातात.

पंचगंगा

नेकारकाठ, मी कोल्हापुरात अनेक वर्षे गॅरेज चालवतो आणि माझ्याकडे बहुतेक कार्बोरेटरच्या गाड्या येतात. तुमचे सर्व पटले, पण आमच्याकडची परिस्थिती निराळी आहे. परवा एक तरुण जुनी बुलेट घेऊन आला. त्याने कॉक आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये असाच दोन झडपांचा कनेक्टर बसवून घेतला होता. गावात गाडी व्यवस्थित चाले, पण आंबा घाटात चढावर जोर दिला की थोड्या वेळाने गुदमरायची, थांबून मिनिटभर उभी केली की पुन्हा ठीक व्हायची. गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती, प्लग बदलले होते, जेट साफ केले होते. मी कनेक्टर काढून साधी नळी घातली आणि तक्रार मिटली. तुमच्याकडे हा त्रास का होत नाही ते जरा समजावून सांगा, म्हणजे मलाही गिऱ्हाइकांना सांगता येईल.

नेकारकाठ

काका, कारण दाबात आहे. माझ्या गाडीत पंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे झडपेतली चिंचोळी वाट त्याला जाणवतही नाही. बुलेटमध्ये पंप नाही, पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येते. टाकीचा तळ आणि कार्बोरेटर यांच्यात समजा २० सेंमीचे अंतर आहे. पेट्रोलची घनता लिटरला साधारण ७४० ग्रॅम धरली तर तेवढ्या उंचीचा दाब जेमतेम दीड शतांश बार भरतो. म्हणजे तीन बारच्या दोनशेपट कमी. एवढ्याशा दाबाला स्प्रिंगची झडप, तिच्याभोवतीची अरुंद फट आणि बारीक बार्ब हे तिन्ही अडथळे ओलांडायचे असतात.

गरज किती असते तेही पाहा. ताशी ८० किमीने जाणारी आणि लिटरला ३५ किमी देणारी गाडी तासाला सव्वादोन ते अडीच लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० मिली पेट्रोल घेते. घाटात पूर्ण थ्रॉटलवर ते तिप्पट झाले तर १२० मिली. कनेक्टरमधून मिनिटाला ८० मिलीच येत असेल तर गाडी सपाटीवर कुरकुर करणार नाही. घाटात मात्र कार्बोरेटरमधला साठा हळूहळू खाली जाईल आणि ती गुदमरेल. उभी केली की साठा पुन्हा भरतो. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत नेमके हेच झाले.

म्हणून कार्बोरेटरच्या गाडीला कनेक्टर बसवायचाच असेल तर आधी मोजून पाहावे. टाकीत पेट्रोल कमी, अगदी रिझर्व्हला आलेले असावे, कारण भरलेली टाकी खोटे समाधान देते. कार्बोरेटरकडची नळी सोडून तितक्याच उंचीवर मोजपात्रात एक मिनिट पेट्रोल घ्यावे, आधी कनेक्टरशिवाय आणि मग कनेक्टरसह. मिनिटाला २५० मिलीच्या वर आले तर साडेतीनशे सीसीच्या गाडीला भरपूर झाले. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक तुंबलेले नाही याची खात्री मात्र आधी करून घ्यावी, नाहीतर दोष उगाच कनेक्टरच्या माथी यायचा.

पंचगंगा

उलगडा झाला. माझे मत असे की कॉक धडधाकट असलेल्या गाडीला या कनेक्टरची गरजच नाही. कॉक बंद केला, नळी काढली, काम झाले. ज्यांचा कॉक गळतो त्यांनी कॉकच्या वॉशरचा संच बदलावा; कॉकचे दुखणे झाकण्यासाठी कनेक्टर बसवणे म्हणजे आगीवर गालिचा अंथरणे.

खंडाळा_घाट

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे खर्चाचाही विचार करावा लागतो. घरच्या पाण्याच्या आरओ फिल्टरला जे पांढरे पुश-फिट कनेक्टर असतात ते अगदी स्वस्तात मिळतात आणि दाबही चांगला सोसतात. हार्डवेअरच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीचे कपलरही मिळतात, त्यांच्यात तर झडप असते. यांपैकी काही चालेल का? एका व्हिडिओत बसवलेले पाहिले आहे.

रबरपट्टी

मी भोसरीत ओ-रिंग आणि सील बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून याचे उत्तर मी देतो. दोन्ही चालणार नाहीत, आणि कारण दाब नसून रसायन आहे. पाण्याच्या कनेक्टरमधली ओ-रिंग बहुधा ईपीडीएमची किंवा साध्या नायट्राइल रबराची असते. ईपीडीएम हे पाणी, वाफ आणि ब्रेक ऑइल यांच्यासाठी उत्तम रबर आहे, परंतु पेट्रोलमध्ये ते प्रचंड फुगते आणि लिबलिबीत होते. हवेच्या कपलरमध्ये सामान्यतः नायट्राइल असते आणि झडप एकाच बाजूला असते, म्हणजे दुसरी बाजू उघडीच राहते.

नायट्राइलबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला नायट्राइल बरे चालत असे. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. पेट्रोल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण साध्या नायट्राइलला शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त फुगवते. फुगलेली ओ-रिंग गळत नाही, उलट घट्ट बसते, त्यामुळे मालकाला सगळे ठीक वाटते. गाडी काही आठवडे टाकी उतरवून ठेवली की रबरातले पेट्रोल उडून जाते, त्याच्याबरोबर रबर मऊ ठेवणारे घटकही गेलेले असतात, आणि ओ-रिंग मूळ मापापेक्षा लहान व कडक होते. कनेक्टर पुन्हा जोडला की गळती सुरू. म्हणून ‘उतरवण्याआधी तर गळत नव्हता’ या वाक्यावर कोणीही विसंबू नये.

दुकानदार वायटन म्हणून काय देईल याचा नेम नाही. तपकिरी किंवा हिरवा रंग हा पुरावा नव्हे, रंग कोणत्याही रबराला देता येतो. त्यापेक्षा हातात घेऊन तोलून पाहावे : एफकेएमची घनता १.८ च्या पुढे असते, नायट्राइलची साधारण १.२, त्यामुळे एकाच मापाच्या दोन ओ-रिंगांच्या वजनात दीडपट फरक येतो आणि सोनाराच्या काट्यावर तो लगेच कळतो. दुसरी परीक्षा घरी करता येते. जास्तीची एक ओ-रिंग व्हर्निअरने मोजून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवावी. बाटली घराबाहेर सावलीत ठेवावी. बाहेर काढताक्षणी पुन्हा मोजावी, मग दोन दिवस हवेत ठेवून तिसऱ्यांदा मोजावी. एफकेएम जवळपास जागचे हलत नाही. नायट्राइल आधी वाढते, मग आक्रसते.

नेकारकाठ यांच्यासाठी एक सूचना : एफकेएमचे सर्वसाधारण प्रकार शून्याखाली १५ ते २० अंशांच्या आसपास कडक होतात. तुमच्याकडच्या हिवाळ्यात कडाक्याच्या सकाळी गाडी सुरू करताना कनेक्टर थोडा पाझरला तर नवल नाही. कमी तापमानासाठीचे वेगळे एफकेएमही मिळते.

नेकारकाठ

ही माहिती फार मोलाची आहे. इथे मी हिवाळ्यात गाडी चालवत नाही, रस्त्यावर मीठ टाकलेले असते. तरीही ओ-रिंगांचा जास्तीचा संच मागवताना कमी तापमानाचा प्रकार विचारीन.

सुटा_नट

धाग्यात अजून न आलेला एक मुद्दा मांडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतर विकल्या गेलेल्या बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनच्या आहेत आणि त्यांतल्या अनेकींना कारखान्यातूनच झटपट सुटणारा कनेक्टर असतो. तो बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून लोक नळी ओढतात, पिळतात आणि शेवटी कापतात. अशा गाडीत आणखी एक कनेक्टर घालण्याची काहीच गरज नाही. आहे तो उघडायला शिकावे.

होंडाच्या गाड्यांत प्लास्टिकच्या रिटेनरची, म्हणजे नळी जागेवर अडकवून ठेवणाऱ्या तुकड्याची, दोन पाकळ्यांसारखी टोके दाबून नळी ओढायची असते, आणि कंपनीच्या सूचनेनुसार दर वेळी रिटेनर नवा घालायचा असतो. यामाहाच्या अनेक गाड्यांत आधी वरचे आवरण सरकवावे लागते आणि मगच बाजूची दोन बटणे दाबता येतात. आवरण न सरकवता बटणांशी झटापट केली तर ते तुटते. दोन्ही ठिकाणी हाताने काम होते, पान्याची किंवा पक्कडीची गरज नाही. नळी अडली तर ती थोडी आत ढकलून मग ओढावी. सांध्यात अडकलेली बारीक धूळ मोकळी होते. अर्थात त्याआधी ब्रशने आणि हवेने सांधा बाहेरून स्वच्छ केलेला असावा, कारण सुटल्यावर ती धूळ आतच जाते.

पण माझा खरा इशारा वेगळाच आहे. या गाड्यांच्या पंपावर जी नळी चढवायची दांडी असते ती गुळगुळीत असून तिच्यावर फक्त एकच गोल कडा असते. एसएई जे२०४४ या मानकातल्या अशा दांड्यांचा व्यास ७.८९ मिमी किंवा ९.४९ मिमी असतो. तिच्यावर बार्बसारखे कंगोरे नसतात, कारण ती रबरी नळीसाठी बनवलेलीच नाही. तिच्यावर कनेक्टरचा रिटेनर त्या एका कडेमागे अडकतो. मूळ नळी तुटली म्हणून अनेक ठिकाणी मिस्त्री रबरी नळी त्या दांडीवर चढवून क्लॅम्प आवळून देतात. तीन बार दाबाखाली ती नळी कधी निसटेल सांगता येत नाही, आणि दांडी प्लास्टिकची असेल तर क्लॅम्पने तिला चीर जाते. मग पूर्ण पंपच बदलावा लागतो. मूळ नळी कारखान्याची, कडक नायलॉनची असते. ती मधोमध कापून तिच्यात बार्ब घालणेही तितकेच चुकीचे, कारण ती नळी रबरासारखी क्लॅम्पखाली दबत नाही.

खंडाळा_घाट

माझी गाडी २०२१ ची आहे, म्हणजे मला काही विकत घ्यायचेच नाही. सर्वांचे आभार. एकच विचारतो : जोडल्यावर तो नीट बसला हे कसे ओळखावे? मला ‘टक्’ असा आवाज ऐकू येत नाही.

सुटा_नट

आवाजावर भरवसा ठेवू नये, रस्त्यालगतच्या गॅरेजात तो ऐकूही येत नाही. जोडल्यावर नळी मागे ओढून पाहावी, जोरात, पण पिळ न देता. रिटेनरची दोन्ही टोके सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर असेल तर सोडून पुन्हा जोडावा.

नेकारकाठ

हीच ओढून पाहण्याची पद्धत धातूच्या कनेक्टरलाही लागू आहे. त्यापुढची तपासणी अशी. टाकी पूर्ण आवळण्याआधी चावी फिरवावी. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. असे दोन-तीनदा करून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवावा. बोटाला जो ओलावा कळत नाही तो कागदावर डाग म्हणून दिसतो. मग इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवावे, बंद करावे आणि लगेच पुन्हा कागद फिरवावा, कारण बंद केल्यावर काही वेळ उष्णता वर चढत राहते. शेवटची पाहणी रात्रभर थांबून सकाळी. सांधे कोरडे असूनही पेट्रोलचा वास येत असेल तर तो झाकणाचा किंवा हवेच्या नळीचा असू शकतो, पण शोध लागल्याशिवाय गाडी बंद गॅरेजात ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गॅस गीझर असेल तर तिथवर पोचते. काम करताना कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये.

जागेविषयी लिहायचे राहिले. पितळी कनेक्टर जड असतो. तो लांब नळीच्या टोकाला लोंबकळत ठेवला तर इंजिनाच्या कंपनांनी टाकीच्या दांडीवर सतत झटके बसतात. टाकीपासून हाताच्या चार-पाच बोटांच्या अंतरावर, एक्झॉस्ट आणि सिलिंडरपासून दूर, आणि शक्य असल्यास फ्रेमला रबरी अस्तराच्या पट्टीने अलगद धरलेला असा तो असावा. नळी इतकी मोकळी हवी की टाकीचे मागचे टोक लाकडाच्या ठोकळ्यावर उचलल्यावर अंगठा बटणापर्यंत जाईल. इतकीही लांब नको की टाकी खाली ठेवल्यावर ती दुमडेल. हे ठरवण्यासाठी कापण्यापूर्वी टाकी दोन-चार वेळा नुसतीच वर-खाली करून पाहावी.

टाकीभर

माझ्या शंकेचे समाधान झाले, पण एक राहिले. टाकी उतरवून आठवडाभर गच्चीवर ठेवली, दोन्ही नळ्यांना झडपांचे अर्धे लावलेले, दोन्ही बंद. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते. झडपेच्या मागे नळीत अडकलेल्या पेट्रोलचे काय होते?

रबरपट्टी

रास्त प्रश्न आहे. दोन्ही टोके बंद असलेल्या नळीत काठोकाठ द्रव असेल आणि तापमान वाढले तर दाब झपाट्याने वाढतो, कारण द्रव दबत नाही. रबरी नळी थोडी ताणली जाते म्हणून निभावते, पण क्लॅम्प आणि ओ-रिंग यांच्यावर ताण येतोच. परतीच्या नळीचे दुसरे टोक टाकीत उघडे असते, तिचा प्रश्न नाही. पंपाकडून येणाऱ्या नळीत मात्र पंपाची एकमार्गी झडप असते, त्यामुळे तीच खरी दोन्ही बाजूंनी बंद राहते.

नेकारकाठ

म्हणूनच टाकी उतरवली की तिची दोन्ही टोके एकमेकांत अडकवावीत. जोडली गेली की दोन्ही झडपा उघडतात आणि अडकलेल्या पेट्रोलला परतीच्या नळीतून टाकीत जाण्याची वाट मिळते. टाकी सावलीत, झाकण वरच्या बाजूला राहील अशी ठेवावी, झाकणाची हवेची वाट मोकळी असावी, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर पेट्रोल आधीच मान्यताप्राप्त डब्यात काढून घ्यावे. भरलेल्या टाकीत अठराएक किलो पेट्रोल असते. गच्चीवर चढवायलाही रिकामीच बरी.